जखमी अस्वलाच्या मागावर जाताना जवळ कोणत्या कॅलिबरची हँडगन ठेवावी?

प्रश्न मिनेसोटातून आला आहे. विचारणारे अमेरिकेचे नागरिक आहेत आणि बरीच वर्षं हरणाची शिकार करतात. त्यांचे दाजी अलास्कात वासिलाला राहतात. पुढच्या वसंतात दोघं मिळून अस्वलाला जाणार आहेत, रायफली दोघांकडेही आहेत. त्यांचं म्हणणं असं: "पहिल्या गोळीत अस्वल पडलं नाही आणि झाडीत घुसलं, तर मागावर जाताना अंगावर काय असावं? माझ्याकडे .३५७ मॅग्नम आहे. दाजी म्हणतात १० एमएम घे. दुकानदार म्हणतो .५०० शिवाय जाऊच नका."

आधी उत्तर देऊन टाकतो. चार इंची नळीचं, डबल अ‍ॅक्शन (नुसता चाप ओढला की झडणारं), स्टेनलेस स्टीलचं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घ्या. त्यात २४० ते २६० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), सपाट नाकाची हार्डकास्ट म्हणजे टणक ओतीव शिशाची गोळी भरा, आणि काडतूस पूर्ण जोराचं न घेता बेताच्या वेगाचं घ्या. .४४ चा धक्का सोसत नसेल तर तुमचं .३५७ विकू नका, १८० ग्रेनची हार्डकास्ट भरून तेच आणा. दाजींचं १० एमएम वाईट नाही, पण या कामासाठी माझी पहिली पसंती त्याला नाही. .५०० दुकानातच राहू द्या.

आता कारणं. मी केनाई द्वीपकल्पात राहतो आणि हंगामात असिस्टंट गाइड म्हणून शिकाऱ्यांबरोबर जातो. जखमी जनावर शोधून संपवणं हा त्या नोकरीतला सगळ्यात नावडता भाग, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मागावर हँडगन हे मुख्य हत्यार नसतंच. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण १,३५० फूट वेगाने सुटते. ऊर्जा होते हजार फूट-पौंडांच्या आतबाहेर. .३७५ एच अँड एच हे १९१२ चं काडतूस, पण इथले कितीतरी गाइड आजही तेच वापरतात. त्याची ३०० ग्रेनची गोळी अडीच हजार फुटांच्या वेगाने जाते, म्हणजे ऊर्जा चार हजारांच्या वर. सरळ चौपट. साधी .३०-०६ सुद्धा २२० ग्रेनच्या गोळीने .४४ ला मागे टाकते, तेही थोडंथोडकं नाही. १९८३ साली यू.एस. फॉरेस्ट सर्व्हिसने अलास्कातल्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १५ यार्डांवरून गोळ्या झाडून चाचण्या घेतल्या होत्या. त्यातही जड रायफली वर होत्या आणि .४४ हँडगन बरीच खाली. तेव्हापासून गोळ्या सुधारल्या, पण हे अंतर काही मिटलेलं नाही.

तेव्हा अस्वल थांबवायचं काम रायफलीचं किंवा स्लग (छर्‍यांऐवजी एकच जड गोळी) भरलेल्या १२ गेज शॉटगनचं. मग हँडगन कशाला? याचं उत्तर नीट समजलं की कॅलिबरचा अर्धा प्रश्न सुटतो.

अस्वल जोरात धावलं तर ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. सराव असलेल्या माणसाला होल्स्टरमधून हँडगन काढून पहिली नेमकी गोळी मारायला दीड-दोन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात अस्वल २२-३० मीटर कापतं. आणि वसंतात अस्वल जिथे घुसतं त्या आल्डरच्या झुडपांत तुम्हाला दिसतं किती? पाच मीटर, फार तर आठ. हिशेब स्पष्ट आहे. अस्वल दिसल्यावर हँडगन काढून, नेम धरून, त्याला वाटेत अडवू असं ज्याच्या डोक्यात आहे त्याने गणित केलेलं नाही. आल्डरमध्ये हातात असलेलं हत्यारच चालतं, आणि हातात असते रायफल.

हँडगनची वेळ येते ती तीन प्रसंगी. माग बघणारा गुडघ्यांवर रांगतोय आणि त्याची रायफल पाठीला आहे. किंवा रायफल झुडपात अडकली, हातातून उडाली. किंवा अस्वल अंगावर बसलंय. तिन्ही वेळा अंतर हातभराचं असतं, बहुतेकदा एकच हात मोकळा असतो आणि नेम धरायच्या नळीवरच्या खुणा दिसत नाहीत. म्हणजे आपल्याला निवडायचंय ते हातभर अंतरावर, एका हाताने, आडवं पडून चालवता येईल असं हत्यार. वीस मीटरवर काय होतं हा इथे मुद्दाच नाही. हे एकदा मान्य केलं की दुकानदाराची .५०० आपोआप बाद होते.

इथे कोणीतरी आकडे घेऊन येणार हे मला माहीत आहे, म्हणून तेही बघू. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या संशोधकांनी अलास्कातल्या १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना तपासून २०१२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यात हँडगन ८४ टक्के वेळा यशस्वी ठरली, रायफल-शॉटगन ७६ टक्के वेळा. यावरून "हँडगन रायफलीपेक्षा बरी" असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. शिवाय २०१६ चं उदाहरण असतंच: अलास्कातल्या एका नामांकित गाइडने मासेमारीला आलेल्या पाहुण्यांवर चालून आलेलं ब्राउन अस्वल ९ एमएम पिस्तुलाने मारलं. खरी घटना आहे. पण त्याची गोळी १४७ ग्रेनची हार्डकास्ट होती आणि त्या माणसाचं सगळं आयुष्य अस्वलांत गेलेलं होतं, हे दोन तपशील सांगताना गळतात.

माझी हरकत वेगळीच आहे. या आकडेवारीतली बरीचशी अस्वलं धडधाकट होती. पिल्लं जवळ आहेत म्हणून, मेलेलं जनावर राखत होतं म्हणून किंवा अचानक समोर आलं म्हणून चाल करून आलेली. अशा अस्वलाला परत फिरायला जागा असते. गोळी पायात लागो की जमिनीत, आवाजाने आणि दुखण्याने ते बऱ्याचदा वळतं, आणि नोंदीत "यशस्वी" असं लिहिलं जातं. तुम्ही ज्याच्या मागे जाताय ते अस्वल आधीच दुखावलेलं आहे, त्याने पळून बघितलंय आणि आता ते पडून तुमची वाट बघतंय. आवाज त्याने अर्ध्या तासापूर्वीच ऐकलाय. ते वळत नाही, त्याला पाडावंच लागतं. म्हणून छावणीत किंवा नदीवर ९ एमएम बाळगणाऱ्याला मी हसत नाही, पण रक्ताच्या मागावर ती घेऊन आला तर त्याला मागे थांबायला सांगतो.

बेअर स्प्रेचंही तेच. त्याच संशोधकांच्या २००८ च्या निबंधात स्प्रेचे निकाल उत्तम आहेत, जवळून स्प्रे वापरलेल्या माणसांपैकी ९८ टक्के विनाजखम सुटली. छावणीत स्प्रे हवाच. आल्डरमध्ये मात्र फवारा फांद्यांवर बसतो आणि वारा फिरला तर आपल्याच डोळ्यांत येतो. जखमी अस्वलावर मी त्याच्या भरवशावर जाणार नाही.

आता गोळी. कॅलिबरपेक्षा हिच्यावर जास्त वेळ घालवा.

स्वसंरक्षणासाठी विकली जाणारी बहुतेक काडतुसं हॉलो पॉइंट असतात. टोकाला पोकळी असल्यामुळे गोळी शरीरात शिरताच छत्रीसारखी उघडते आणि लवकर थांबते. माणसासाठी ते ठीक, कारण गोळी आरपार जाऊन मागच्याला लागू नये. अस्वलाच्या बाबतीत आधी ओले दाट केस, मग चरबी, मग खांद्याचा जाड स्नायू, मग हाड. हॉलो पॉइंट तिथेच उघडून बसते आणि कामाची जागा पुढेच राहते. हार्डकास्ट म्हणजे शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून ओतलेली टणक गोळी. ती उघडत नाही, सरळ जाते. तिचं नाक गोल नको, रुंद आणि सपाट हवं. सपाट नाक हाडावरून घसरत नाही, आत वाकडी वाट धरत नाही आणि भोकही मोठं पाडतं. शिसं नको असेल तर अख्ख्या तांब्याच्या, न उघडणाऱ्या गोळ्या मिळतात. महाग आहेत, काम चोख करतात.

एक अडचण ग्लॉकवाल्यांसाठी. जुन्या ग्लॉकच्या नळीत आतले आटे गोलसर घडणीचे असतात आणि कंपनीच नुसत्या शिशाची गोळी वापरू नका म्हणते. शिसं नळीत साठत जातं आणि दाब वाढतो. दाजी १० एमएम वापरणार असतील तर नळी बदलून घ्यावी किंवा तांब्याची गोळी भरावी.

आता एकेक कॅलिबर.

.३५७ मॅग्नम १९३५ चं. १८० ग्रेनची हार्डकास्ट १,३०० फुटांच्या आसपास गेली की ती खोलवर शिरते, त्याबद्दल शंका नको. कमी पडतो तो भोकाचा आकार आणि जड हाडावरचा जोर. काळ्या अस्वलासाठी मी .३५७ ला नाही म्हणत नाही. काळा नर बहुतेकदा ९० ते १८० किलोंचा. किनाऱ्यावरचा ब्राउन नर ४०० किलो सहज ओलांडतो, आणि तिथे ते हलकं वाटायला लागतं. पण तुमच्या हातात ते बसलंय. डबल अ‍ॅक्शनचा लांब चाप ओढताना तुमची नळी हलत नाही. नव्या .४४ ने बिचकत मारलेल्या तीन गोळ्यांपेक्षा सवयीच्या .३५७ ची एक बरी.

१० एमएम १९८३ मध्ये आलं, मध्यंतरी मागे पडलं आणि आता अलास्कात जिकडेतिकडे दिसतं. ग्लॉक २० मध्ये १५ गोळ्या मावतात, वजन बेताचं, पाऊस-चिखलाला दाद देत नाही. २२० ग्रेनची हार्डकास्ट १,२०० फुटांच्या आसपास जाते, म्हणजे ताकद .३५७ च्या शेजारची. मासेमारीला, फिरायला, छावणीत मी तेच सुचवतो. मागावर दोन अडचणी येतात. पिस्तुलाचं तोंड अस्वलाच्या अंगात रुतलं की स्लाइड (नळीवरचा सरकता भाग) थोडी मागे सरकते आणि मग चाप ओढला तरी गोळी सुटत नाही. सुटलीच, तर केस नि चरबी अडकून पुढची भरली जाईल याची खात्री नाही. दुसरं, एका हाताने, मनगट वाकडं असताना झाडलं की सेमी-ऑटो, म्हणजे असं आपोआप पुढची गोळी भरणारं पिस्तूल, अडकायची शक्यता वाढते. रिव्हॉल्व्हरला यातलं काहीच लागू नाही. नळी बरगडीला टेकवा आणि चाप ओढत राहा. पंधरा गोळ्यांचं कौतुक मला कळतं, पण अंगावर आलेल्या अस्वलापुढे सातवी गोळी झाडण्याइतका वेळ कोणाला मिळतो?

.४४ मॅग्नम १९५५ चं, रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन यांनी मिळून आणलेलं. सत्तर वर्षं झाली तरी या कामासाठी मापाचं तेच आहे. यात लोक चुकतात ते वजनात, दोन्ही प्रकारे. एक प्रकार म्हणजे ३०० ग्रेनच्या पुढची, पूर्ण दाबाची काडतुसं भरायची. पहिली गोळी झकास जाते, पण नळी कपाळापर्यंत उडते आणि दुसरी मारायला सेकंद जातो. तो सेकंद आपल्याकडे नाही. २५० ग्रेनच्या आसपासची टणक गोळी १,१००-१,२०० फुटांनी गेली तरी अस्वलाच्या डोक्या-मानेत हवी तेवढी आत जाते, आणि दुसरी गोळी वेळेत सुटते.

दुसरा प्रकार म्हणजे अतिहलकं रिव्हॉल्व्हर. स्कँडियम-टायटॅनियमचं .४४ मिळतं, वजन जेमतेम ७०० ग्रॅम. दिवसभर जाणवतही नाही, झाडल्यावर मात्र हात बधिर होतो. आणखी वाईट म्हणजे त्या झटक्याने चेंबरमधल्या उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या कवचातून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सिलिंडर फिरतच नाही, रिव्हॉल्व्हर जाम. कोणत्याही हलक्या मॅग्नमचं हे तपासून बघा: सहा भरा, पाच झाडा, सहावं काढून कॅलिपरने लांबी मोजा आणि पेटीतल्या नव्या काडतुसाशी ताडून बघा. लांबी वाढली असेल तर ते काडतूस त्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालणार नाही, मग पेटीवर काहीही छापलेलं असो. स्टीलचं चार इंची .४४ बाराशे-तेराशे ग्रॅमचं असतं. तेवढं वजन हवंच. शिवाय त्यात .४४ स्पेशल हे कमी जोराचं काडतूस चालतं, सरावाला मऊ.

.४५४ कॅसल: ताकद भरपूर, रुगरचं अडीच इंची नळीचं अलास्कन मॉडेल इथल्या लोकांचं लाडकं. त्यात .४५ कोल्टची जड हार्डकास्ट भरून वापरणारे शहाणे आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पूर्ण .४५४ भरून, कानाला काही न लावता, आडव्या अवस्थेत दोनदा झाडून दाखवणारा मात्र मला अजून भेटायचाय. .४६० आणि .५०० उभ्याने, दोन हातांनी, नेम धरून शिकार करायची हत्यारं आहेत. छान आहेत. आपलं काम ते नाही.

सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे दरवेळी अंगठ्याने घोडा ओढायचं रिव्हॉल्व्हर नको. एक हात अस्वलाच्या तोंडात असताना अंगठा कुठे असेल सांगता येत नाही.

बाळगायचं कसं? छातीवरच्या होल्स्टरमध्ये. कमरेवरचं होल्स्टर पिशवीच्या पट्ट्याखाली जातं, वेडर्समध्ये (पाण्यात उतरायच्या छातीपर्यंतच्या रबरी पँटमध्ये) बुडतं आणि माणूस पाठीवर पडला की अंगाखाली सापडतं. छातीवरचं दोन्ही हातांना सापडतं. मूठ मात्र घट्ट बंदिस्त हवी, कारण आल्डरच्या फांद्या ती ओढून काढतात.

आता प्रत्यक्ष माग. कॅलिबरपेक्षा जीव इथे जास्त वाचतात.

गोळी झाडल्यावर लगेच धावू नका. अर्धा तास, शक्य तर तास बसा. पाऊस सुरू असेल तर रक्त धुऊन जातं, तेव्हा लवकर निघावं लागतं. काळं अस्वल मरताना बऱ्याचदा लांबलचक कण्हतं, ते ऐकू आलं तर काम बहुधा झालंय. ब्राउनकडून अशी निशाणी धरून बसू नका. जिथे अस्वल उभं होतं तिथून सुरुवात करा. रक्त फेसाळ गुलाबी असेल तर फुफ्फुस, जनावर फार लांब नसतं. काळपट तांबडं असेल तर यकृत, अजून थांबा. त्यात हिरवट कण आणि घाण वास असेल तर पोट, मग पुष्कळ थांबा. लालभडक, फेस नसलेलं आणि लवकर आटणारं रक्त म्हणजे नुसता स्नायू. ते अस्वल जिवंत आहे आणि रागावलेलं आहे.

अस्वलाचा रक्ताचा माग हरणासारखा नसतो. चरबीने भोक बुजतं, केस रक्त शोषून घेतात, जमिनीवर थेंब पडतच नाहीत. रक्त सापडतं ते गवताच्या पात्यांना आणि फांद्यांना पुसलेलं, अस्वलाच्या पोटाच्या उंचीवर. दोन्ही बाजूंच्या फांद्यांवर असेल तर गोळी आरपार गेलीय. शंका आली तर पांढऱ्या टिश्यूने टिपून बघा. पानावर नैसर्गिक तांबडे ठिपके असतात, ते पुसले जात नाहीत. छोट्या फवाऱ्याच्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड ठेवलं तर आणखी सोपं, रक्त असेल तर फेस येतो. प्रत्येक खुणेवर रंगीत फीत बांधत जा. चार फिती झाल्या की मागे वळून बघा, अस्वल कुठल्या दिशेला झुकतंय ते रेषेवरून कळतं. जखमी अस्वल बऱ्याचदा गळासारखं वळण घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाने आपल्याच वाटेजवळ येऊन पडतं. तेव्हा समोर जितकं बघाल तितकंच बाजूला आणि मागेही बघा.

माणसं दोन किंवा तीन. एक जण फक्त जमिनीकडे बघतो, बाकीचे फक्त पुढे. माग बघणाऱ्याने मान वर करून "कुठंय?" असं बघायचं नाही आणि रायफलवाल्याने रक्त बघायला वाकायचं नाही. ही वाटणी आधी ठरवा आणि मोडू नका. तुमच्या दोघांत मागावर कोण चांगला हे दाजींशी मोकळेपणाने बोलून ठरवा. तिथे मान-अपमान नको. रायफलीची दुर्बीण सगळ्यात कमी शक्तीवर, जमलं तर काढूनच ठेवलेली. बर्फाच्या भाराने आल्डरची खोडं उताराच्या दिशेने आडवी झालेली असतात, वर चढताना ती भाल्यांसारखी छातीवर येतात. २४ इंची नळीची रायफल तिथे सारखी अडकते. आखूड लिव्हर अ‍ॅक्शन .४५-७० किंवा शॉटगन अशा जागी जास्त चालते. शॉटगनला मऊ स्लग घेऊ नका, चपटे होतात. टणक घ्या.

आपल्याकडे अस्वल म्हटलं की दोन पायांवर उभं राहिलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोहफुलं वेचणाऱ्यांवर जंगली अस्वलं हल्ला करतात, तेव्हा ती कधीकधी खरंच मागच्या पायांवर उठतात. ब्राउन अस्वल उभं राहतं ते बहुतेकदा बघायला आणि वास घ्यायला. चाल करून येतं ते चारही पायांवर, डोकं खाली, फार बुटकं. त्यामुळे गोळ्या वरून जातात. समोरून येताना कपाळावर नेम धरू नका. ते तिरकं असतं, वर हाडाचा कणा आणि जाड स्नायू, मेंदू त्याच्या मागे आणि खाली. नाकावर धरा. खाली गेली तर मान आणि छाती आहेच. हृदयातून गोळी गेलेलं अस्वलही काही सेकंद धावतं, आणि तेवढे सेकंद त्याला पुरतात. जागच्या जागी थांबवतो तो फक्त मेंदू किंवा मणका. अंगावर असेल तर कानाच्या खाली किंवा मानेत, नळी टेकवून, आपला हात-पाय रेषेत नाही हे बघून.

आणि माणूस खाली असताना बाजूच्याने लांबून रायफल झाडायची नाही. जवळ जायचं, अशा कोनात की गोळी आरपार गेली तरी माणसाला लागणार नाही. भीतीपोटी लांबून झाडलेली गोळी मित्रालाच लागू शकते. यावर आधी बोलून ठेवा.

अस्वल पडलेलं दिसलं तरी मागच्या बाजूने, शक्य तर चढाकडून जा. डोळे मिटलेले असतील तर संशय धरा. मेलेल्याचे बहुधा उघडे असतात. लांब काठीने बुबुळाला स्पर्श करा. त्याआधी आणखी एक गोळी मारायला हरकत नाही. कातड्यात एक भोक जास्त पडलं म्हणून कोणी रडत नाही.

सराव असा करा. सात मीटरवर कागदी थाळी लावा. छातीवरच्या होल्स्टरमधून काढून दोन सेकंदांत पहिली गोळी, पुढच्या दोन सेकंदांत आणखी दोन, तिन्ही थाळीत. नंतर हेच डाव्या हाताने, नंतर पाठीवर पडून. रेंजवर पाठीवर पडून झाडू देत नाहीत, तिथे रिकामी खोटी काडतुसं भरून घरी करा. ज्या काडतुसाने हे जमतं ते तुमचं कॅलिबर. .४४ पूर्ण जोराने जमत नसेल तर बेताचं भरा, तेही नाही तर .३५७. दुकानदाराला यातलं काहीच करून दाखवायचं नसतं, त्यामुळे त्याचं मत तेवढ्यापुरतंच घ्या.

थोडं कायद्याचं. ब्राउन किंवा ग्रिझली अस्वलासाठी बाहेरच्या राज्यातल्या माणसाला परवानाधारक गाइड लागतो, नाहीतर अलास्काचा रहिवासी असलेला जवळचा नातेवाईक सोबत लागतो. बहिणीचा नवरा त्यात बसतो, तेव्हा तुमचं काम झालं. काळ्या अस्वलाला तुम्हाला ही अट नाही. आग्नेय अलास्का आणि कोडिअ‍ॅकसारख्या भागांत जखमी करून न सापडलेलं ब्राउन अस्वलही तुमच्या वाट्याचं धरलं जातं, म्हणजे त्या वर्षीची शिकार संपली. कुठल्या युनिटला, म्हणजे राज्याने आखलेल्या शिकारीच्या विभागाला, जाताय त्याचे नियम आधी वाचा. हँडगन घेऊन कॅनडातून गाडीने यायचा विचार सोडून द्या, तिथले हँडगनचे नियम फार कडक आहेत. विमानाने या: रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून, चेक-इन सामानात. आणि हे वाचणाऱ्यांपैकी जे एच-१बी वर आहेत त्यांनी हँडगनला हात लावण्याआधी वकिलाला विचारावं. बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते, पण ती सूट नीट समजून घेतल्याशिवाय वापरू नये.

तुमची आणि दाजींची रायफल कोणत्या कॅलिबरची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते आणि कोणत्या युनिटमध्ये जाणार तेवढं कळवा, कारण दोघांपैकी एकाकडे जरी .३३८ किंवा .३७५ असेल तर मागावर पुढे कोणी चालायचं हे त्यावरून ठरवता येईल.